फोटो फुटू नये म्हणून: मूळ फोटो जसाच्या तसा कसा पाठवायचा

तालुक्याच्या गावी माझं फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या. वडील जाऊन आठ दिवस झाले होते आणि तेराव्याला लावायला बारा बाय अठराची तसबीर हवी होती. मोबाइलमधला फोटो त्यांनी दाखवला. धाकट्या भावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला, हसरा चेहरा. मोबाइलवर सुरेख दिसत होता. मी तो संगणकावर घेऊन मोठा केला, तर गालावर चौकोन चौकोन उमटले आणि फेट्याची कड करवतीच्या दातांसारखी दिसायला लागली. फाइल होती ६८ केबीची.

"ताई, हा फोटो काढला कोणी?"

"भाच्यानं. त्यानं ग्रुपवर टाकला, तिथून मी घेतला. तोच आहे की हा."

दिसायला तोच, पण तो नव्हे. आम्ही भाच्याला फोन लावला. नशिबानं त्याचा जुना मोबाइल घरात पडून होता. संध्याकाळी त्यानं त्यातला मूळ फोटो पाठवला, ३.९ एमबीचा (एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी). त्यात फेट्याची जर दिसत होती आणि चष्म्याच्या काचेत मांडवाचे दिवेसुद्धा. ताई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

अशी माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि प्रत्येकाला मूळ फोटो सापडतोच असं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांना मोबाइलवर फोटो पाठवता येतो पण त्यापलीकडचं कधी कोणी सांगितलं नाही, त्यांच्यासाठी.

पाठवताना नेमकं काय होतं

रांगोळी काढताना आपण आधी ठिपके घालतो. पंधरा ठिपके पंधरा ओळी असतील तर मोर, कमळ, वेल सगळं मावतं. पाच ठिपके पाच ओळीत फार तर एक फूल बसतं. डिजिटल फोटोसुद्धा ठिपक्यांचाच असतो, त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. तुमच्या फोनवर १२ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ४००० ठिपके आणि ३००० ओळी, एकूण १ कोटी २० लाख ठिपके. (५० मेगापिक्सेलचे बरेच फोनही नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो देतात. त्यामुळे हा हिशेब बहुतेकांना लागू पडतो.)

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणली जाते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. सहा ठिपक्यांमागे एकच उरला. गेलेले पाच समोरच्याच्या फोनपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे त्यानं नंतर काहीही केलं तरी ते परत येत नाहीत.

ठिपके कमी होणं हा एक भाग झाला. दुसरं नुकसान फोटोची फाइल दाबून लहान करायच्या जेपेग या पद्धतीमुळे होतं. १९९२ साली ठरलेली ही पद्धत आजही जगभर चालते. ती फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातलं जे बारीकसारीक आपल्या डोळ्याला सहसा जाणवत नाही, ते टाकून देते. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला लगेच कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही, म्हणून रंगाची माहिती जास्त गाळली जाते. हलक्या हातानं केलं तर काहीच कळत नाही. फार दाबलं की तेच चौकोन गालावर उमटतात. दाबलेला फोटो पुन्हा सेव्ह करून पुन्हा पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यासारखं.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण पुष्कळ जण विचारतात. फोटो नुसता उघडून पाहिल्यानं त्याचा दर्जा कमी होत नाही. हजार वेळा उघडा. एका फोल्डरमधून दुसऱ्यात, पेनड्राइव्हवर, संगणकावर कॉपी केल्यानंही काही होत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केला किंवा दाबणाऱ्या रस्त्यानं पाठवला, तरच नुकसान होतं.

अ‍ॅपवाल्यांचा यात दोष आहे असं मला वाटत नाही. रोज कोट्यवधी फोटो इकडून तिकडे जातात. ते सगळे पूर्ण आकाराचे गेले तर डेटा आणि फोनमधली जागा दोन्ही संपतील. आज भाजीला काय आणलं याचा फोटो दाबूनच जावा. जपायचा, छापायचा, पुढच्या पिढीला द्यायचा फोटो मात्र वेगळ्या वाटेनं पाठवायला हवा.

आधी मूळ फोटो कोणता ते ओळखा

एकाच फोटोच्या घरात पाच-सहा प्रती असतात. त्यातली मूळ कोणती, हे पाहायला एक मिनिट लागतं. अँड्रॉइडवर गॅलरीत फोटो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतलं 'डिटेल्स' बघा किंवा फोटो बोटानं वर सरकवा. आयफोनवर फोटोखालचं 'आय'चं चिन्ह दाबा. तिथं फाइलचा आकार, ठिपक्यांची संख्या, कधी आणि कोणत्या फोननं काढला हे दिसतं.

फोन-कॅमेऱ्याचा मूळ फोटो सहसा २ ते ६ एमबीचा असतो आणि लांब बाजू ४००० ठिपक्यांच्या आसपास असते. आकार केबीत असेल, लांब बाजू १६०० किंवा त्याहून कमी असेल आणि फोनचं नावच दिसत नसेल, तर तो कुठून तरी फिरून आलेला आहे. अँड्रॉइडवर आणखी एक खूण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते आणि तिच्यापुढे 'डब्ल्यू ए' ही दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. ही अक्षरं दिसली की थांबा आणि फोटो मुळात कोणी काढला होता ते आठवा. त्यालाच मागा.

स्क्रीनशॉट हा मूळ फोटो कधीच नसतो. त्यात येतात ते पडद्याचे ठिपके, फोटोचे नव्हेत. बऱ्याच फोनचा पडदा १०८० ठिपके रुंद असतो. आडव्या फोटोचा उभ्या पडद्यावर स्क्रीनशॉट घेतलात की ४००० ठिपक्यांचे १०८० झाले. लोक स्टेटसवरून, फेसबुकवरून असे स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून मूळ फोटो पाठवायची रीत

नवीन माणसानं एवढी एक रीत शिकली तरी माझं निम्मं काम झालं.

१. ज्याला पाठवायचा त्याचं चॅट उघडा.

२. कॅमेऱ्याच्या किंवा गॅलरीच्या चिन्हाला हात लावू नका. जोडणीचं चिन्ह दाबा, अँड्रॉइडवर ती कागदांना लावायची क्लिप असते आणि आयफोनवर अधिकचं चिन्ह.

३. 'डॉक्युमेंट' निवडा. फोटो हवा असताना डॉक्युमेंट कशाला, म्हणून इथंच सगळे अडखळतात. फोटो म्हणून दिलं की अ‍ॅप तो दाबतं, डॉक्युमेंट म्हणून दिलं की फाइल जशी आहे तशी पोचवतं.

४. आता गॅलरीतून निवडायचा पर्याय दिसेल, तो घ्या. तुमच्या फोनवर तो नसेल तर फोनच्या फोल्डरमध्ये जा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये 'कॅमेरा' या नावाखाली असतात.

५. पाठवण्याआधी नावाखाली आकार दिसतो. तो एमबीत आहे ना, बघून घ्या आणि मग पाठवा.

डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, त्यामुळे फोटोला आकाराची अडचण येत नाही. आलेली डॉक्युमेंट फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर तशीच फॉरवर्ड करा. उघडून, गॅलरीत सेव्ह करून, तिथून पुन्हा फोटो म्हणून पाठवलीत तर सगळं मुसळ केरात.

मग 'एचडी'चं काय? २०२३च्या ऑगस्टमध्ये ती सोय आली. फोटो निवडल्यावर वर 'एचडी'चं चिन्ह दिसतं. ते दाबलं की दोन पर्याय येतात आणि प्रत्येकापुढे ठिपक्यांची संख्या लिहिलेली असते, ती जरूर वाचा. एचडीत ठिपके पुष्कळ टिकतात, पण जेपेगचं दाबणं तिथंही होतंच. घरच्या अल्बमला, चार बाय सहाच्या प्रिंटला एचडी चालतं. मोठी फ्रेम, फोटोबुक किंवा नंतर दुरुस्त करायचा जुना फोटो असेल, तर डॉक्युमेंटच. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' खाली अपलोडचा दर्जा कायमचा एचडी करून ठेवता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तुम्हीच ते एकदा करून द्या, त्यांना प्रत्येक वेळी आठवायला नको.

टेलिग्रामवरही हाच नियम आहे. नुसता फोटो पाठवला की तो लहान होतो, 'फाइल' म्हणून पाठवला की मूळ जातो.

समोरासमोर असाल तर इंटरनेट कशाला

लग्नघरात एकाच सोफ्यावर बसलेली माणसं एकमेकांना ग्रुपवरून फोटो पाठवतात. अँड्रॉइडमध्ये 'क्विक शेअर' असतं (पूर्वी त्याचं नाव 'निअरबाय शेअर' होतं), आयफोनमध्ये 'एअरड्रॉप'. दोन्हींत मूळ फाइल जाते आणि डेटाही जळत नाही. एअरड्रॉप करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑल फोटोज डेटा' चालू ठेवा. माझ्यासारख्याच्या दुकानात येणार असाल तर फोन आणि चार्जिंगची केबल घेऊन या. केबल लावून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं की फोटो थेट संगणकावर येतात. पेनड्राइव्ह तर कधीही चांगला.

शंभर-दोनशे फोटो असतील तर

एकेक डॉक्युमेंट पाठवत बसू नका. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करा, फोटो चढवा आणि लिंक द्या. ड्राइव्ह फाइलला हात लावत नाही, चढवली तशीच उतरते. लिंक देताना ती कोणाला उघडेल हे ठरवावं लागतं. 'लिंक असलेला कोणीही' निवडलंत तर ती लिंक पुढे जिथं जिथं जाईल तिथं तुमच्या घरचे फोटो दिसतील. लहान मुलांचे फोटो असतील तर मी नातेवाइकांचे ईमेल टाकून तेवढ्यांनाच परवानगी द्या म्हणतो. घेणाऱ्यानंही नुसतं उघडून पाहू नये, 'डाउनलोड' दाबून उतरवून घ्यावेत.

ईमेलनंही मूळ फोटो जातो, पण जीमेलवर जोडणीची मर्यादा २५ एमबीची आहे, म्हणजे पाच-सहा फोटो. झिप केल्यानं फोटो खराब होत नाहीत. फारसे लहानही होत नाहीत, कारण जेपेग आधीच दाबलेला असतो. एक गठ्ठा बांधला जातो, एवढाच फायदा.

गूगल फोटोजबद्दल थोडं सावध राहा. तिथं बॅकअपचे पर्याय असतात. 'ओरिजिनल क्वालिटी'त मूळ फाइल राहते. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये फोटो दाबला जातो आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो. घरगुती वापराला हा दुसरा पर्यायही वाईट नाही, पण फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी मूळ फोटो पुसलेत की मग जे वर आहे तेच तुमचं मूळ. १ जून २०२१ पासून दोन्ही प्रकारचे फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, आणि त्याच जागेत तुमचं जीमेल आणि ड्राइव्हही असतं. एकदा सेटिंग उघडून कोणता पर्याय चालू आहे ते पाहाच.

छापायला किती ठिपके लागतात

हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके हा आमच्या धंद्यातला नेहमीचा हिशेब. चार बाय सहाला १२०० बाय १८००. आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. बारा बाय अठराला खरं तर ३६०० बाय ५४०० लागतात, पण ती भिंतीवर लागते, चार हातांवरून बघतात, म्हणून इंचाला दोनशेही चालतात. फोनचा ४००० ठिपक्यांचा फोटो अठरा इंचांवर पसरला तर इंचाला २२० येतात, उत्तम. फिरून आलेला १६०० ठिपक्यांचा पसरला तर ८९. तिथं फोटो फुटतो. फ्लेक्स लांबून बघायचा असल्यानं त्याला इंचाला सत्तर-ऐंशीही पुरतात. पण फ्लेक्सवरचा चेहराच दोन फुटी असेल तर चेहऱ्याच्या उंचीलाच सतराशेच्या वर ठिपके हवेत, आणि फ्लेक्ससाठी लोक नेमका सगळ्यात लहान फोटो आणतात.

सगळ्यात अवघड असतो ग्रुप फोटोतून काढलेला एकच चेहरा. एका रांगेत दहा माणसं असतील आणि फोटो १६०० ठिपके रुंद असेल, तर एका माणसाच्या वाट्याला १६० ठिपके येतात, चेहऱ्याला पन्नास-साठ. मूळ ४००० चा असेल तर चेहऱ्याला दीडशेच्या आसपास मिळतात. त्यातून निदान टेबलावर ठेवायची लहान फ्रेम तरी होते. आजी-आजोबांचा वेगळा फोटो नसतो, ते नेहमी रांगेत कडेला उभे असतात. म्हणून समारंभातले ग्रुप फोटो तर आवर्जून मूळच जपा. आणि पुढच्या कार्यात त्या दोघांना उजेडात बसवून एक वेगळा फोटो काढा.

हल्ली काही अ‍ॅप फुटलेला फोटो 'एचडी करून' देतात. मी ते वापरून पाहिलं आहे. गेलेले ठिपके त्यांना परत आणता येत नाहीत, ती अंदाजानं नवे भरतात. कापड, भिंत, झाड यांना ते खपून जातं. चेहऱ्याला नाही. त्वचा गुळगुळीत होते, दात सारखे होतात, डोळे दुसऱ्याच कोणाचे तरी होतात. एका काकूंनी असा फोटो पाहून "हे आमचे हे नव्हेत" म्हणत तो परत दिला होता. गेलेल्या माणसाच्या फोटोवर मी ते करत नाही. लहान आकारात पण खरा फोटो छापून देतो.

पत्रिका आणि अक्षरं असलेली चित्रं

लग्नाची पत्रिका, निमंत्रण, प्रमाणपत्र यांचा फोटो जेपेगमध्ये दाबला गेला की अक्षरांभोवती धूर पसरल्यासारखा दिसतो. आपल्या लिपीला त्याचा जास्त फटका बसतो. अनुस्वाराचा ठिपका पुसतो, रफार आणि मात्रा एकमेकींत मिसळतात, नावं चुकीची वाचली जातात. पत्रिका करून घेताना डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागा आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. चित्रच हवं असेल तर पीएनजी मागा, त्या पद्धतीत काहीच गाळलं जात नाही. उलट, माणसांच्या फोटोला पीएनजी करत बसू नका. फाइल फुगते आणि गेलेलं काही परत येत नाही.

तारीख आणि ठिकाण

मूळ फाइलमध्ये फोटोबरोबर तो कधी, कोणत्या फोननं आणि ठिकाण चालू असेल तर कुठं काढला, हेही नोंदलेलं असतं. फोटो म्हणून पाठवल्यावर ही नोंद निघून जाते. मग २०१६ची वारी तुमच्या गॅलरीत काल फॉरवर्ड झाल्याच्या तारखेला जाऊन बसते आणि दहा वर्षांनी साल कोणालाच सांगता येत नाही. मूळ फाइल पाठवण्याचं हे मला तितकंच मोठं कारण वाटतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. घरात काढलेल्या मूळ फोटोत घराचं ठिकाण असू शकतं. नातेवाइकांना पाठवायला हरकत नाही, पण अनोळखी माणसाला जुना फ्रीज विकायचा म्हणून त्याचा फोटो देताना डॉक्युमेंट नको, साधा फोटोच बरा. आयफोनवर शेअर करताना 'ऑप्शन्स'मधून ठिकाण काढताही येतं.

आयफोनचाच एक प्रश्न आहे. २०१७ पासून तो फोटो 'एचईआयसी' प्रकारात ठेवतो. दर्जा चांगला असतो, पण काही दुकानांतल्या जुन्या संगणकांवर ती फाइल उघडत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथं जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

इन्स्टाग्राम, फेसबुकवर मूळ दर्जा टिकवायचा प्रयत्नच करू नका. ती बघायची जागा आहे, साठवायची नाही. इन्स्टाग्राम साधारण १०८० ठिपके रुंद फोटो दाखवतं. आधीच तेवढ्या रुंदीचा करून टाकलात तर तो नीट दिसतो. मूळ फाइल तुमच्याकडेच ठेवा.

जुने कागदी फोटो

भिंतीवरच्या तसबिरीचा ट्यूबलाइटखाली मोबाइलनं फोटो काढून तो ग्रुपवर टाकतात आणि मग तोच सगळीकडे फिरतो. काचेत ट्यूब दिसते, कडा वाकड्या येतात. शक्य असेल तर फोटो फ्रेममधून काढून स्कॅन करा. ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) चार बाय सहाचा फोटो स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, म्हणजे दुप्पट मोठी प्रिंटही निघते. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर निघून येतो. स्कॅनर नसेल तर सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन अगदी समांतर धरा आणि थोडी कड जास्त येऊ द्या. कापणं, रंग सुधारणं सगळं प्रतीवर करा.

फोन बदलताना, तो एक्स्चेंजमध्ये देताना किंवा रिसेट करताना, आधी 'डीसीआयएम' फोल्डर पूर्णच्या पूर्ण संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. दोन ठिकाणी असेल तर उत्तम. चार-पाच फोटो उघडून ते नीट आले आहेत ना ते बघा, मगच रिसेट करा.

आता मूळ फोटो मागायचा कसा? नुसतं "ओरिजिनल पाठव" म्हटलं की समोरचा पुन्हा तसाच पाठवतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. म्हणून मी गिऱ्हाइकांना एक निरोप लिहून देतो. तो इथून उचलून तुम्हीही पाठवू शकता:

"लग्नातला तो फोटो तुझ्या फोनमध्ये असेल तर हवा आहे, मोठी फ्रेम करायची आहे. ग्रुपवरचा नको, तुझ्या कॅमेऱ्यातला मूळ हवा. पाठवताना गॅलरीतून नको पाठवूस. क्लिपचं चिन्ह दाब, डॉक्युमेंट निवड आणि त्यातून फोटो निवड. आकार २-३ एमबीच्या वर दिसला की तो बरोबर आहे. अडलं तर फोन कर, मी सांगते. आणि फोन बदलायच्या आधी त्यातले जुने फोटो मला दे, मी कॉपी करून ठेवते."